डावीकडची चार बोटं

आमच्या भाषा-प्रमाणन मंडळाची इमारत सातमजली असून तीत दोन लिफ्ट आहेत. एक कायम बंद असते, दुसरी चालते. मंडळाचं काम साधं आहे. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांनी शैक्षणिक पद्धतीचा इंग्रजी निबंध लिहायचा आणि तो आम्ही तपासायचा. मी वरिष्ठ परीक्षक. सोळा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत माझ्या हाताखालून नव्वद हजार निबंध गेले असतील. त्यांतला एकही मी वाचलेला नाही, हे मी अभिमानाने सांगतो.

लगेच भुवया उंचावू नका. माझ्या आधीचे लोक वाचायचे, आणि त्याचे परिणाम मंडळाने भोगले आहेत. वाचलं की माणसाचं मत होतं. एक परीक्षक सात गुण देणार, दुसरा त्याच निबंधाला चार. मग उमेदवार भांडायला येणार, त्यांचे वडील येणार. एकदा तर एकाची आत्या आली आणि पाणीसुद्धा न पिता तीन तास कार्यालयात ठाण मांडून बसली. शेवटी समिती नेमली गेली आणि समितीने रोगाचं मूळ शोधून काढलं. ते मूळ म्हणजे वाचन.

त्यावरचा इलाज म्हणजे प्रारंभदर्शक पट्टी. कागदाच्या आकाराचा काळा पुठ्ठा आणि त्याला डाव्या बाजूने चार बोटं रुंदीची उभी खिडकी. उत्तरपत्रिकेवर ठेवला की प्रत्येक ओळीची फक्त सुरुवात दिसते. उमेदवाराने प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर घ्यायचं आणि सुरुवातीला जोडशब्द लावायचा : हाउएव्हर, मोरओव्हर, देअरफोर, नेव्हरदलेस. जोडशब्द दिसले म्हणजे विचार एकमेकांना जोडलेले आहेत, आणि जोडलेले आहेत म्हणजे ते असणारच, असं समितीने अहवालात सिद्ध केलं आहे. आम्ही खिडकीतले शब्द मोजतो, तक्त्यात बघतो, गुण टाकतो. एका निबंधाला चाळीस सेकंद. आत्या पुन्हा आली नाही.

सगळं सुरळीत चाललं होतं, तोच वरून परिपत्रक आलं. मंडळाच्या प्रत्येक कर्मचाऱ्याने, तो तांत्रिक कामावर असला तरी, सहा महिन्यांत इंग्रजी निबंधाची पातळी दोन उत्तीर्ण व्हावी. न झाल्यास त्याची सेवा संपुष्टात येईल. दारावरचा पहारेकरी पास झाला, वायरमन पास झाला, झाडूवाली तर पहिल्या श्रेणीत आली. चाळीस जोडशब्द पाठ करायचे, त्यात कठीण ते काय? अडला फक्त एकजण, आमचा लिफ्टकाका. बावीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, खिशात कायम पाना, आणि लिहिण्याची तऱ्हा अगदी बोलण्यासारखी. म्हणजे गरजेपुरती.

निकालाच्या दिवशी तो उत्तरपत्रिका घेऊन माझ्या टेबलाशी आला.

"सर, शून्य?"

"काका, खिडकीत एकही जोडशब्द नाही."

"पण सर, लिहिलंय तर खरं. चालू लिफ्टला सहा दोर आहेत. त्यांतले दोन झिजलेत. लिफ्ट बंद करा. एवढंच लिहिलंय."

"हे परीक्षेत लिहायची गोष्ट आहे का?"

"मग कुठे लिहू? संचालक मॅडमना तोंडी सांगितलं तर म्हणाल्या, लेखी द्या. लेखी दिलं तर म्हणाल्या, इंग्रजीत द्या. इंग्रजीत दिलं तर म्हणाल्या, पातळी दोन नसलेल्याचा अहवाल वर पाठवता येत नाही. म्हटलं, परीक्षेतच लिहावं. निदान तपासणारा तरी वाचेल."

मला हसूच फुटलं. माणूस अगदीच भोळा! पण मी शिक्षकही आहे, दर शनिवारी सातव्या मजल्यावर शिकवणी घेतो, त्यामुळे मी त्याला समोर बसवून शांतपणे समजावलं. "हे बघा काका, दोर झिजलेत हे एक वाक्य झालं. लिफ्ट बंद करा हे दुसरं. या दोघांचा एकमेकांशी संबंध काय, हे तुम्ही कुठेच दाखवलेलं नाही."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "सर, दोर तुटला तर लिफ्ट पडेल."

"ते तुमच्या डोक्यात आहे. कागदावर नाही."

पुढच्या शनिवारपासून तो शिकवणीला यायला लागला. बाकीचे सगळे लिफ्टने येत. हा मात्र सात मजले जिन्याने चढून, धापा टाकत, पाच मिनिटं उशिरा. उशिराबद्दल मी त्याला दर वेळी चांगलं झापलं, कारण शिस्त ती शिस्त. अभ्यासात कष्टाळू होता, पण एक खोड जाता जाईना. प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारायचा.

"सर, हाउएव्हर म्हणजे 'परंतु' ना? मग दोर झिजले आहेत, परंतु लिफ्ट बंद करा, असं होतंय. तिथे परंतु कशाला?"

"काका, तुम्ही अर्थात शिरू नका. एकदा शिरलात की पास होणं विसरा."

दुसऱ्या वेळी त्याला तीन गुण मिळाले. निबंधात आता दोरही तीन झाले होते, असं तोच म्हणाला. मी त्याला म्हटलं, प्रगती आहे.

त्या दिवशी जेवताना मी हा किस्सा बायकोला सांगितला. ती एका औषधांच्या दुकानात काम करते, त्यामुळे प्रत्येक चिठ्ठी वरपासून खालपर्यंत वाचायची तिला सवय आहे.

"तीन दोर झिजलेत?" तिचा घास हातातच राहिला. "अहो, मग तुम्ही काय केलंत?"

"तीन गुण दिले."

"गुणांचं नाही विचारत. लिफ्टचं काय केलंत?"

"लिफ्ट माझ्या विभागात येत नाही."

"पण तुम्ही रोज त्याच लिफ्टमध्ये येता ना?"

"हो. तथापि त्याचा मूल्यमापनाशी संबंध नाही."

"घरात तथापि बोलू नका हं, सांगून ठेवते! उद्यापासून जिन्याने जा."

"सात मजले? माझे गुडघे बघितलेस का?"

नंतर बराच वेळ भांडी जरा जोरात घासली जात होती.

तिसऱ्या प्रयत्नाला लिफ्टकाकाकडे चारच दिवस उरले होते. नापास झाला असता तर बावीस वर्षांची नोकरी गेली असती. घरी अंथरुणाला खिळलेली आई, कॉलेजात जाणारी मुलगी. बिचाऱ्याने रात्रंदिवस घोकंपट्टी केली आणि पेपरात कमाल केली. मी पट्टी ठेवली आणि माझ्या डोळ्यांवर विश्वासच बसेना! फर्स्टली, फर्दरमोर, कॉन्सिक्वेंटली, इन कॉन्ट्रास्ट, नॉटविथस्टँडिंग... एकामागून एक बावीस. ओळीने उभे, एकही जागा रिकामी नाही. साडेनऊ गुण. मंडळाच्या इतिहासात इतके कोणाला पडले नव्हते. खोटं कशाला सांगू, माझा ऊर भरून आला.

संचालक मॅडमनी तो निबंध आदर्श निबंध म्हणून जाहीर केला. शिकणाऱ्यांच्या सतत नजरेसमोर राहावा म्हणून तो लॅमिनेट करून लावायचं ठरलं. सगळ्यात जास्त लोक बराच वेळ नुसते उभे असतात अशी जागा म्हणजे लिफ्ट, तेव्हा तो लिफ्टमध्येच लावला. शनिवारी मुलं वर येताना तालात म्हणायची, फर्स्टली, फर्दरमोर, कॉन्सिक्वेंटली. मधलं कोणी म्हणत नसे.

लिफ्टकाका मॅडमना भेटला तेव्हा मी तिथेच होतो. "मॅडम, आता मी पास झालो. आता अहवाल वर जाईल ना? चार दोर झालेत."

"अहो काका, अहवाल कसला घेऊन बसलात?" मॅडम खुर्चीतून उठल्या. "असे जोडशब्द लिहिणारा माणूस तळघरात तेलकट हातांनी राबतोय, ही आमची चूक झाली. आजपासून तुम्ही सहायक परीक्षक."

"आणि लिफ्ट कोण बघणार?"

"नवा मेकॅनिक नेमू की. पातळी दोन पास झालेला कोणी मिळाला की लगेच."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावून त्याचं अभिनंदन केलं. त्याच दुपारी त्याने पाना भांडार विभागात जमा केला, पावती घेतली आणि त्याच काउंटरवरून पट्टी उचलली. सुरुवातीला तो पट्टी हळूच उचलून खालचा मजकूर बघायचा. मी एकदा रंगेहाथ पकडला. "काका, वाचताय?" चोरी पकडली गेल्यासारखा चेहरा झाला त्याचा. पुढे सुधारला. एका निबंधाला पस्तीस सेकंदांवर आला. जिन्याने येणं तेवढं सोडलं नाही.

आज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी मी लिफ्टमध्ये चढलो. सहावा मजला गेला, वर कुठेतरी धाडकन आवाज झाला, लिफ्ट हातभर खाली घसरली आणि हिसका देऊन थांबली. मी एकटाच होतो. बटणं दाबली, सगळीच दाबली. काही नाही. मग समोर लॅमिनेट केलेला निबंध दिसला आणि दुसरं काही करण्यासारखं नसल्यामुळे मी तो वाचला. पहिल्यांदाच. उजवीकडचंसुद्धा.

त्यात सगळं होतं. कोणता दोर आधी तुटेल ते होतं. तुटल्यावर बाजूचा खटका लिफ्टला धरून ठेवतो, पण हा खटका जुना आहे आणि किती वेळ धरेल सांगता येत नाही, हे होतं. आत अडकलेल्याने हालचाल करू नये, हे होतं. लिफ्टच्या छतातला मार्ग फक्त पान्याने उघडतो, हेही होतं. माझी पाचावर धारण बसली. एवढं स्वच्छ लिहिलेलं मी आयुष्यात काही वाचलं नव्हतं. खरं तर मी काहीच वाचलं नव्हतं.

मी बोंब ठोकली. वर सातव्या मजल्याच्या दाराच्या फटीत मॅडमच्या चपला दिसल्या.

"सर, घाबरू नका! पण तोंडी नको. एक अर्ज द्या."

फटीतून कोऱ्या कागदांची चळत आणि पेन खाली आलं. मी लिहिलं, मला बाहेर काढा. सोळा वर्षं जोडशब्द शिकवणारा मी, पण त्या क्षणी एकही आठवला नाही. कागद वर गेला. बराच वेळ काहीच झालं नाही. मग लिफ्टकाकाचा आवाज आला, अगदी फटीला तोंड लावून.

"सर, अर्ज तपासायला माझ्याकडेच आला होता. मी वाचला. पट्टी बाजूला ठेवून सगळा वाचला."

"काका, देवासारखे आलात! पाना आणा ना मग."

"आणायलाच निघालो होतो, सर. तेवढ्यात मॅडमनी बघितलं. पट्टीविना वाचन केलं म्हणून कारणे दाखवा नोटीस दिली. खुलासा मंजूर होईपर्यंत इथेच दाराशी बसायचं, उठायचं नाही. खुलासाच लिहितोय. आठ जोडशब्द झालेत, बारा लागतात. सर, हलू नका तेवढं."

म्हणून हा दुसरा अर्ज. इंग्रजी केव्हाच पळून गेलं, तेव्हा आपल्या भाषेत, पहिल्यापासून, कोणालाही समजेल असा लिहिला आहे. पानं एकेक करून फटीतून वर सरकवतोय. ती हातोहात फिरताहेत, मला ऐकू येतंय. वर हसताहेत. आत्येचा प्रसंग कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवला. एकजण म्हणाला, "काय खुमासदार लिहितात हो सर!" दुसरा म्हणाला, मधला भाग थोडा लांबलाय. आत्ता डोक्यावर पुन्हा काहीतरी तुटलं.

आणि तुम्ही. हो, तुम्हीच. इथपर्यंत आलात, दोन-तीनदा हसलातही असाल, आणि शेवट बरा जमलाय की नाही याचा विचार करताय. अभिप्राय नंतर द्या हो. भांडार विभाग तळमजल्यावर आहे, डावीकडे दुसरं दार. पाना आणायला कोणीतरी उठा.