चार पर्यायांचे सबनीसकाका

सबनीसकाकांच्या घरी चहा मिळण्याआधी परीक्षा द्यावी लागे. "काय घेणार?" एवढंच विचारून काका थांबत नसत. "ए, चहा. बी, कॉफी. सी, ज्यूस. डी, आत्ताच घेऊन आलो," असं म्हणून ते चष्म्यावरून तुमच्याकडे बघत राहत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा बेसावधपणे "कॉफी" म्हणून बसले. काकांचा चेहरा एकदम खुलला.

"चूक! कॉफी परवाच संपली. पण तू तीच निवडणार, याची मला खात्री होती." आणि त्यांनी मला चहा दिला.

लग्न होऊन मी न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला आले, ती ऐंशीच्या दशकाच्या मधली वर्षं. नवरा सकाळी लॅबमध्ये जाई. माझ्या व्हिसावर मला नोकरी करायची परवानगी नव्हती. आमच्या मागच्याच गल्लीत सबनीसकाका राहत. परदेशी माणसांना इंग्रजी किती येतं, हे तपासणाऱ्या परीक्षांचे प्रश्न लिहायचे, ही त्यांची नोकरी. शब्दाचा अर्थ सांगा, रिकामी जागा भरा, उतारा वाचून उत्तर द्या. एका प्रश्नाला चार पर्याय. त्यांतला एक बरोबर, तीन चुकीचे, आणि काकांचा सगळा जीव त्या तीन चुकीच्यांत.

"बरोबर उत्तर कुणीही लिहील गं," ते म्हणत. "चुकीचं उत्तर असं पाहिजे, की शहाण्यासुरत्या माणसानं त्याच्यावर विश्वास टाकावा. त्याला डोकं लागतं."

त्यामुळे माणूस चुकला की काकांना आनंद व्हायचा. त्यात कुत्सितपणा नसे. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत कुणी आरतीचं कडवं गाळलं, तर इतर लोक नाकं मुरडत. काका मात्र कार्यक्रम संपल्यावर त्याला कोपऱ्यात गाठून विचारत, "तिथून तुम्ही तिकडे का उडी मारली? सांगा ना, मला इंटरेस्ट आहे." तो बिचारा पुढच्या वर्षी आरतीला मागे उभा राही.

त्यांचं दुसरं पालुपद म्हणजे "उताऱ्यात आहे का?" परीक्षेचा नियमच तो. उताऱ्यात लिहिलंय तेवढंच खरं, बाकी तुमच्या मनचं. मी म्हटलं, "काका, उद्या स्नो पडणार वाटतं," की आलंच, "उताऱ्यात आहे का?" मंडळाच्या मीटिंगमध्ये कुणी कुणावर घसरलं, की मागच्या खुर्चीतून हाच प्रश्न येई आणि भांडणाची हवाच जाई. मंडळानं त्यांना कधी कमिटीवर घेतलं नाही, यात नवल नव्हतं.

काकांना ड्रायव्हिंग जमत नसे. चौकात आलं की त्यांना चारही रस्ते विचारात घ्यावेसे वाटत, आणि मागचे लोक हॉर्न वाजवत. गाडी सुशीलाकाकू चालवायच्या. मी काकूंना एकच हिवाळा पाहिलं. पुढच्या हिवाळ्याच्या आत त्या गेल्या. काकांनी त्याबद्दल कधी कुणाशी चकार शब्द काढला नाही. भेटायला आलेल्यांनाही त्यांनी ए, बी, सी, डी करून चहा दिला, आणि लोक थोडे दुखावून घरी गेले. त्यांची मुलगी नीना कॅलिफोर्नियात असायची. दर रविवारी तिचा फोन येई. "डॅड, हाऊ आर यू?" तर काका म्हणत, "ए, फाइन. बी, व्हेरी फाइन. सी, नेव्हर बेटर. डी, ऑल ऑफ द अबव्ह." पलीकडून "डॅड, प्लीज! नॉट अगेन!" असं मला त्यांच्या स्वयंपाकघरातूनही ऐकू येई. त्या चारांत रडण्याजोगा पर्याय कधीच नसे.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती. काका चहा करत तेव्हा पाहुण्यांना मगमधून देत, आणि स्वतःसाठी दोन निळे कप काढत. एक स्वतःपुढे. दुसरा समोरच्या खिडकीजवळच्या खुर्चीपाशी, बिनसाखरेचा, आलं घातलेला. त्या खुर्चीवर कुणी बसत नसे. स्वतःचा चहा पिऊन झाला की काका तो दुसरा कप उचलत आणि खिडकीतल्या तुळशीच्या कुंडीत ओतत. जर्सीच्या थंडीत आम्हा सगळ्यांच्या तुळशी दिवाळीनंतर माना टाकायच्या. काकांची तुळस मात्र मजेत. शास्त्र काही म्हणो, ती चहावर वाढत होती. मंडळातल्या बायका गुपित विचारायच्या. काका म्हणायचे, "ए, ऊन. बी, खत. सी, नशीब. डी, वरीलपैकी सर्व." चारही चूक होते, हे मला माहीत होतं. मी गप्प बसायची.

शनिवारी सकाळी काका चिनी चर्चच्या तळघरात मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायला जात. शिकवायला कसले, तपासायलाच. काकू गेल्यावर त्यांना नेण्याआणण्याचं काम माझ्याकडे आलं, आणि गेलेच आहे तर टायपिंगही माझ्याकडे आलं. मोकळ्या वेळाचं काय करायचं हा प्रश्न माझा, उत्तर काकांचं.

वर्गात कुणी तैवानचं, कुणी हाँगकाँगचं, कुणी थेट चीनमधून आलेलं. काका आत आले की सगळे उभे राहत, पांढऱ्या केसांचेसुद्धा. प्रत्येकाजवळ झाकणाची काचेची बरणी, तिच्यात चहाची पानं आणि गरम पाणी. शब्दार्थ आणि व्याकरण यांत ही मंडळी भयंकर तयार होती. वांग नावाच्या इंजिनिअरनं डिक्शनरी पाठ करायला घेतली होती, आणि ज्या अक्षरापर्यंत तो पोहोचला असेल त्या अक्षराचे शब्द तो बोलण्यात पेरायचा. टीचरला उलट उत्तर द्यायचं नाही, हा सगळ्यांचा संस्कार. काका "चूक" म्हणाले की ते मान हलवत आणि "थँक्यू, टीचर" म्हणत.

फक्त लिनबाई वेगळ्या होत्या. लिनबाई तैवानला नर्स होत्या. नवरा गेल्यावर मुलाजवळ राहायला इकडे आल्या आणि एका रेस्टॉरंटात भांडी घासत होत्या. हॉस्पिटलात नर्सच्या हाताखालच्या कामाचं ट्रेनिंग त्यांना घ्यायचं होतं. पण ट्रेनिंगवाल्यांना या वर्गाची परीक्षा पास झाल्याचं पत्र हवं होतं. शब्दार्थांत बाई पास, व्याकरणात पास. उताऱ्यात दर वेळी नापास. कारण उताऱ्यात नसलेलं त्या वाचायच्या.

काकांच्या सगळ्या उताऱ्यांत मिस्टर ग्रीन आणि त्यांची बायको सुझन असत. सुझन गाडी चालवते. सुझन भाजी आणते. सुझनला बर्फ आवडत नाही. टाइप करताना मला सुझन कोण हे कळायला वेळ लागला नाही. एका उताऱ्यात ती बर्फातून चालत दूध आणायला दुकानात जाते. प्रश्न, ती दुकानात का गेली? बरोबर उत्तर, दूध आणायला. लिनबाईंनी खूण केली होती, "कुणाशी तरी बोलायला."

परीक्षा झाली की काका चुकलेल्या प्रत्येकाला बोलावून विचारत, तुम्ही हेच उत्तर का निवडलंत? त्यांची ही आवडती वेळ. लिनबाईंना त्यांनी विचारलं.

"टीचर, स्नोमध्ये मिल्कसाठी कोणी नाही जात," बाई त्यांच्या तुटक इंग्रजीत म्हणाल्या. "सुझन लोनली आहे."

"मिसेस लिन, उताऱ्यात आहे का?"

"उताऱ्यात नाही, टीचर. बट ट्रू."

काकांनी फुली मारली. बाई "थँक्यू, टीचर" म्हणाल्या आणि बरणी उचलून जागेवर गेल्या. मला मात्र काकू आठवल्या. त्या हिवाळ्यात त्या दूध आणायला म्हणून चालत निघायच्या आणि येता येता माझ्या स्वयंपाकघरात बसायच्या, दुधाची बाटली टेबलावर ठेवून, कोटसुद्धा न काढता. मला त्यांची फार आठवण आली.

वसंतात शेवटची परीक्षा होती. पुढच्या ट्रेनिंगची नावं त्याच महिन्यात घेणार होते, आणि नंतर लिनबाईंच्या मुलाची बदली टेक्सासला होणार होती. म्हणजे आत्ता नाही तर नाहीच. गाडीत मी काकांना म्हटलं, "काका, त्यांना एखादा मार्क इकडेतिकडे दिला तर?"

"मेधा," काका म्हणाले, "पेशंटच्या औषधावर लिहिलं नसेल तेही ती वाचायला लागली तर?"

शेवटच्या परीक्षेचा उतारा मराठीत सांगायचा तर असा होता. मिस्टर ग्रीन सहा वाजता घरी येतात. ते चहा करतात. ते दोन कप काढतात. सुझनला चहात आलं लागतं आणि साखर चालत नाही. मिस्टर ग्रीन आपला चहा पितात. नंतर ते सुझनचा कप झाडाला ओततात आणि दोन्ही कप धुऊन ठेवतात. शेवटचा प्रश्न, चहा किती जण प्यायले? ए, एक. बी, दोन. सी, तीन. डी, उताऱ्यावरून सांगता येत नाही.

उत्तरतालिकाही मीच टाइप केली. शेवटच्या प्रश्नापुढे काकांनी लिहिलं होतं, बी. माझी बोटं थांबली. पण काकांची उत्तरतालिका चुकल्याचं आजवर कुणी ऐकलं नव्हतं, म्हणून आहे तसंच टाइप केलं.

परीक्षा झाली. वांगसकट सगळ्या वर्गानं बी लिहिलं होतं. दोन कप म्हणजे दोन माणसं, सरळ हिशेब. एकट्या लिनबाईंनी ए. आणि त्या नेमक्या एका मार्कानं नापास होत होत्या.

नेहमीप्रमाणे मुलाखत झाली. मी शेजारी पेपर लावत बसले होते. काका जरा त्रासलेलेच होते. "मिसेस लिन, दोन कप आहेत. एक मिस्टर ग्रीनचा, एक सुझनचा. तुम्ही एक का लिहिलंत?"

बाईंनी आधी बरणीचं झाकण घट्ट केलं. मग म्हणाल्या, "टीचर, सुझन नाही प्याली. सेकंड कप झाड प्यालं."

काकांनी सवयीनं तोंड उघडलं. "उताऱ्यात..." म्हणाले आणि खाली पाहिलं. उताऱ्यात होतं. त्यांनी स्वतःच लिहिलेलं होतं.

"माझ्या घरी पण दोन कप," लिनबाई हळूच म्हणाल्या. "एक मी. एक माझा हजबंड, फोटोपुढे. नंतर माझ्या घरी पण झाड पितं."

तळघरात हीटरचा आवाज येत होता. काकांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, परत लावला, परत काढला. इतकी वर्षं माणसं का चुकतात हे विचारत आलेला माणूस स्वतःच्या चुकीकडे बघत होता. मला त्यांच्याकडे बघवेना. शेवटी त्यांनी माझ्याकडे हात केला. "मेधा, उत्तरतालिका दे." बी खोडून त्यांनी वर ए लिहिलं, स्पष्ट, आणि खाली सही केली. मग उभं राहून म्हणाले, "मिसेस लिन, तुमचं बरोबर आहे. एकच जण प्यायला."

लिनबाई "थँक्यू, टीचर" म्हणाल्या नाहीत. त्यांनी नुसतं वाकून नमस्कार केला आणि टेबलावर एक संत्रं ठेवलं.

त्यामुळे बाकीच्या सगळ्या वर्गाचा एकेक मार्क गेला. नियम म्हणजे नियम. वांगनं तेवढा धीर करून हात वर केला, "टीचर, आय ऑब्जेक्ट!" तेव्हा तो ओ अक्षरावर आला होता. काका म्हणाले, "सुझन प्यायली असं उताऱ्यात आहे का?" वांगनं उतारा पुन्हा वाचला आणि हात खाली घेतला.

काकांच्या घरी गेल्यावर मी ओव्हरकोट घालूनच उभी राहिले, कारण ए, बी, सी, डी ऐकायची ताकद नव्हती. काकांनी काही विचारलंच नाही. चहा केला, दोन निळे कप काढले आणि एक माझ्यापुढे सरकवला. "बस," म्हणाले. खिडकीजवळच्या खुर्चीकडे बोट होतं. मी बसले. चहा बिनसाखरेचा होता, मला तसला आवडत नाही. मी तो थेंब न ठेवता प्यायले.

लिनबाईंचं ट्रेनिंग सुरू झालं. मुलगा टेक्सासला गेला, बाई इथेच राहिल्या. शनिवारी वर्ग सुटला की त्याही पांढऱ्या गणवेशात काकांकडे येत आणि त्या खुर्चीवर बसत. मला चहा मगमधून मिळू लागला, साखर घालून.

त्या वर्षी दिवाळीनंतर काकांच्या तुळशीनं आमच्या तुळशींसारखीच मान टाकली. मंडळातल्या बायका हळहळल्या. इतकी छान होती, काय झालं हो काका? मी वाट बघत राहिले, आता येणार ए, मग बी. पण काकांनी कुंडीतल्या वाळक्या काड्यांकडे बघून एकच उत्तर दिलं.

"तिच्या वाटचा चहा आता माणसं पितात."