मुरलीनानांचा दरोडा

पंगतीत मुरलीनाना कॅमेरा घेऊन शिरले की जेलरोडची माणसं तोंडाशी नेलेला घास तसाच धरून थांबत. जिलेबीचा पाक कोपरापर्यंत ओघळला तरी नाना पुढे सरकेपर्यंत कोणी चावायचं नाही. नाना लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचे आणि त्यांचा धर्म एकच, "माणूस सुटला नाय पाहिजे." ऐकणाऱ्याला वाटावं, फौजदारच बोलतोय. एकदा ऐन पंगतीत बॅटरी संपली. या गृहस्थानं बंद कॅमेरा डोळ्याला लावून उरलेली अख्खी रांग चालून काढली. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "कॅसेटीत दिसला नाय तर तो माझ्यावर चिडंल. पण पुढ्यातून कॅमेराच गेला नाय, तर तो लग्नघरावर चिडंल."

मी गडचिरोलीकडचा. सातवीत शाळा सुटली आणि पोटामागे फिरत फिरत एकलहऱ्याच्या वाटेवरच्या एका गोदामात वॉचमन झालो. नानांनी घरामागची खोली मला भाड्यानं दिली. नाशकात मला ओळखणारं कुत्रंही नव्हतं. पहिल्याच आठवड्यात नानांनी मला कुणाच्या तरी लग्नात पंगतीला बसवलं आणि कॅमेऱ्यात घेतलं. त्या घरी अजूनही कॅसेट लागली की हा माणूस आपल्याकडचा की त्यांच्याकडचा, यावर वाद होत असेल.

एवढ्या माणसाला एकच दुःख होतं. लोक त्यांना 'शूटिंगवाले' म्हणत. नानांना 'डायरेक्टर' व्हायचं होतं. घोटीच्या बाजारात तांदळाच्या पोत्यांवर बसून तंबूतले सिनेमे पाहिलेला माणूस तो. नव्वदीची सरती वर्षं होती, घरोघर केबल आली होती. नाना म्हणायचे, एकदा आपला पिक्चर केबलवर लागू दे, मग जेलरोडपासून एकलहऱ्यापर्यंत कोण मला शूटिंगवाला म्हणतो ते बघतो.

पिक्चरचं नाव 'तिजोरीत काळीज'. सराफाच्या मुलीचं एका रिक्षावाल्यावर प्रेम बसतं. सराफ तिचं लग्न दुसरीकडे ठरवतो आणि मंगळसूत्र घडवून दुकानाच्या तिजोरीत ठेवतो. मग रिक्षावाला चार मित्र घेऊन दरोडा घालतो आणि लाखोंचं सोनं तसंच सोडून तेवढं एक मंगळसूत्र पळवतो. मंगळसूत्र नाही तर लग्न नाही, असा नानांचा हिशोब. "त्यांनी दुसरं आणलं तर?" असं मी विचारलं. नाना दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

मला वॉचमनचं काम मिळालं, कारण गणवेश माझ्याकडे होताच. दरोड्याच्या वेळी मला स्टुलावर झोपलेला दाखवायचं होतं. आमच्या साहेबांनी केबलवर मला ड्युटीत झोपलेला पाहिलं तर? नानांना सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "मग जागा राहा." त्यामुळे पिक्चरमध्ये पाच दरोडेखोर टक्क जाग्या वॉचमनसमोरून आत जातात, आणि शेवटचा त्याला वाकून रामराम करतो.

शूटिंग एका खऱ्या सराफाच्या दुकानात, सुट्टीच्या वारी झालं. गिऱ्हाईक म्हणून सगळी आळी आली होती, नवे कपडे घालून. नानांनी दरोड्याआधी एकेकाच्या तोंडावरून सावकाश कॅमेरा नेला. हात वर करायला लावलेली माणसंही कॅमेरा जवळ आला की हात खाली घेऊन नमस्कार करत आणि तो पुढे गेला की परत वर करत.

एक बाई मात्र आलीच नाही. तिचं काम एवढंच, की काउंटरवर बांगड्या बघायच्या आणि दरोडेखोर शिरले की किंचाळायचं. नानांनी काकूंना बसायला सांगितलं. काकू म्हणजे नानांची बायको. इतकी वर्षं प्रत्येक लग्नात हॅलोजनचा दिवा त्याच धरायच्या, हाताला चटका बसू नये म्हणून पदर गुंडाळून. त्या म्हणाल्या, मग दिवा कोण धरेल? दिवा माझ्या हातात आला.

काकू बसल्या. सराफानं खरीच पेटी पुढे ठेवली. काकूंनी एक बांगडी उचलली, उजेडाकडे धरून फिरवून पाहिली, मनगटापाशी नेली, परत ठेवली, दुसरी घेतली. दरोडेखोर शिरले. काकूंचं लक्षच नव्हतं. त्या किंचाळल्या नाहीत. पाच जण पिस्तुलं रोखून त्यांच्या मागे ताटकळत उभे, आणि नाना 'कट' म्हणायला तयार नाहीत.

पहिला खेळ मंगल कार्यालयात झाला. लोक आहेराच्या तयारीनंच आले. पिक्चर लग्नाच्या कॅसेटीसारखाच होता. प्रत्येक प्रसंग बदामाच्या आकारात उघडत होता, पिस्तुलावर गुलाबाच्या पाकळ्या पडत होत्या. पोरं ओरडत होती, "तो बघ आपला पिंट्या." तीन तास झाले. शेवटी एका आजोबांनी विचारलं, "हे सगळं बरंय, पण चोरी कधी झाली?"

नाना खूश झाले. "झाली ना. कळली नाय, म्हणजे चांगली झाली."

केबलवाला राजू दिवाळीत दुपारी पिक्चर दाखवायला तयार झाला, पण तासाभराचा करून द्या म्हणाला. ज्या माणसानं उभ्या जन्मात कोणाला सोडलं नव्हतं, तो आता माणसं कापायला बसला. कापण्याआधी नाना पेढे घेऊन घरोघर गेले आणि प्रत्येकाला समक्ष सांगून आले, "तुमचं तोंड जातंय, राग धरू नका." माझ्याकडे आले तेव्हा मला इतकं हायसं वाटलं, की मी दोन पेढे खाल्ले. ते पाहून नानांनाच वाईट वाटलं. स्वतः केलेला इन्स्पेक्टरही त्यांनी उडवला. आता गुन्हेगार सुटत होते, पण पिक्चर तासात बसत होता.

राजूच्या दुकानात कॅसेट लावली तेव्हा मी बरोबर होतो. राजू शेवटपर्यंत बघत राहिला. म्हणाला, झकास जमलंय. फक्त त्या बांगडीवाल्या बाईंचं तेवढं काढा. "मागं दरोडेखोर उभे, आणि बाई आरामात खरेदी करताय. लोक हसतील, नाना."

"दुसरं काही सांग," नाना म्हणाले. "गाणं काढतो. हिरोचं मरण काढतो."

"दुसरं काहीच नाही. तेवढंच."

नानांनी मशीनमधून कॅसेट काढली, कव्हरात घातली, पिशवीत ठेवली आणि राजूला दिवाळीच्या शुभेच्छा दिल्या. वाटेत मी हळूच म्हटलं, नाना, काकू काय घरच्याच, त्या राग धरणार नाहीत, घ्या की कापून. नाना म्हणाले, रस्त्याकडे बघून चाल, वाहनं येतायत.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी केबलवर कुठला तरी हिंदी पिक्चर लागला. नानांनी वायर काढली आणि आपली कॅसेट लावली. बघायला आम्ही तिघंच. काकू करंज्यांच्या कडा दुमडत बसल्या होत्या. सराफाचं दुकान आलं आणि त्यांचे हात थांबले. पडद्यावर त्या बांगडी उजेडाकडे धरून फिरवत होत्या, अगदी निवांत.

"एवढा वेळ कशाला ठेवलंत मला?" काकू म्हणाल्या. "ती पोरं बिचारी उभी मागं."

"त्या दिवशी उजेड लय चांगला पडला होता," नाना म्हणाले.

उजेड मी धरला होता. दिवा मी असा वेडावाकडा धरला होता, की भिंतीवर काकूंची सावली नाचत होती. उजेडातलं काकूंइतकं नाशकात कोणाला कळत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग नानांकडे. दरोडेखोर मंगळसूत्र घेऊन पळाले.

काकूंनी पिठाचे हात पदराला पुसले आणि मशीनकडे बोट करून विचारलं, "हे मागं कुठून घेतात हो?"