हिलमीच्या कोटाचा आतला खिसा

"इस्त्री कोणीही फिरवतो. करणारा मात्र कैरोत एकच!" असं इस्त्रीचा उस्ताद बय्यूमी, सगळ्यांचा 'उस्ता', रोज सकाळी, कोणी न विचारता, सगळ्या गल्लीला ऐकवायचा. त्याचे नियम तीन. सुरकुती ठेवायची नाही, खोटं बोलायचं नाही आणि परक्याच्या खिशात हात घालायचा नाही. तीस वर्षं त्याने तिन्ही पाळले होते आणि त्यातला तिसरा त्या गुरुवारी त्याच्या मुळावर आला!

त्या संध्याकाळी गल्लीतल्या हिलमीचं लग्न होतं. बिचाऱ्याकडे कोट एकच, निळा. तीन महिन्यांपूर्वी साखरपुड्यातही तोच होता. बय्यूमीने तो अंथरला, पायाने चालवायच्या जुन्या पद्धतीच्या, धुडासारख्या लोखंडी इस्त्रीवर नेहमीप्रमाणे पाय रोवला आणि रेटली. धाड! इस्त्री उडाली आणि बय्यूमी जमिनीवर बसला!

कोटाच्या छातीवर चौकोनी उठाव आला होता, मधोमध अख्खा बदाम. आतल्या खिशात काहीतरी होतं. पण हात घालायचा कसा? त्याने ओलं फडकं टाकून वरूनच दाबलं. जितकं दाबावं तितका बदाम ठसठशीत!

तेवढ्यात हिलमी आला.

"काका, हे काय केलंत?"

"मला विचारतोस? खिसा कोणाचा?"

हिलमीने आत हात घातला आणि पांढराफटक पडला. नेमकी त्याच वेळी आपल्या नवऱ्याचा झगा न्यायला उम्म सफवत आली. ही नवरीची आई. कडेवर मिठाईचा डबा.

"काय लपवतोयस? सिगारेटी ना? सोडल्या म्हणून शपथ घेतली होतीस! काढ बाहेर, नाहीतर लग्न मोडलं समज!"

"मावशी, अहो सिगारेट नाही..."

"काढ!"

बाहेर आली बसबूसा, बदाम लावलेली रव्याची गोड वडी. एवढ्या इस्त्रीखाली तिचा कोपराही मोडला नव्हता.

"ही तर माझी! साखरपुड्याची!" उम्म सफवतचा आवाज चढला. "तू तर 'वाहवा मावशी' म्हणाला होतास! उस्ता, तू खोटं बोलत नाहीस. सांग, ही याच्या खिशात का?"

बय्यूमीला दरदरून घाम फुटला. खरं बोलावं तर पोराचा संसार मांडण्याआधीच मोडणार, खोटं बोलावं तर तीस वर्षं पाण्यात. हिलमी त्याच्याकडे बुडत्या माणसासारखा बघत होता.

"बाई, का ते मी कसं सांगू?" तो चाचरत म्हणाला. "पण तीन महिने ती पोराच्या छातीशी होती, एवढं खरं!"

उम्म सफवतने डोळ्यांना ओढणीचं टोक लावलं. "जपून ठेवलीस होय रे, लेकरा! असा जावई दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही! तो उठाव राहू दे, उस्ता. हृदयावरच आहे."

हिलमीने सोडलेल्या श्वासाने दोरीवरचे शर्ट हलले असतील. बय्यूमीलाही इतकं हलकं वाटलं की तो मोठ्याने हसला.

"हसतोस काय? तोंड गोड कर!" तिने डबा उघडला. "आत्ता, माझ्यासमोर!"

बय्यूमीने वडी चावली. दाढ कुरकुरली. सुदैवाने उम्म सफवत जावयाची कॉलर नीट करायला वळली.

तीस वर्षांत दुकानात पहिल्यांदाच बय्यूमीचा हात वडीसकट हळूच खिशात गेला. स्वतःच्या! त्याबद्दल नियमात काही नव्हतं.