देवाला अहो-जाहो

रस्त्यात आडव्या पसरलेल्या कुत्र्याला "अहो, जरा बाजूला होता का?" असं विचारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. साळवे मास्तर. तोही सुरतेत, जिथे जिवलग मित्राला शिवी हासडल्याशिवाय कोणी हाक मारत नाही. मास्तरांनी "आपण भेस्तानला येता का?" असं विचारलं की रिक्षावाला त्यांना साध्या कपड्यातला पोलीस समजून निघून जायचा.

मास्तर मूळचे नगर जिल्ह्यातले, इथल्या मराठी शाळेत शिकवून निवृत्त झालेले. पोराचा कान पिळतानाही म्हणायचे, "पाटील, आपण गाढव आहात." कोणी कोणाला अरे-तुरे केलेलं कानावर पडलं की लगेच म्हणायचे, "क्रियापद सांभाळा."

इथवर ठीक होतं. पण हा माणूस देवाच्याही क्रियापदात शिरला.

भेस्तानची आमची मराठी ख्रिस्ती मंडळी तशी लहान. बहुतेक धुळे-नंदुरबारकडचे, कोणी लूमवर, कोणी माझ्यासारखे साडी मार्केटात घड्या घालणारे. रविवारी सगळे मिळून प्रभूची प्रार्थना म्हणायचे. तिच्यात आकाशातल्या बापाला सरळ 'तू' म्हटलंय. मास्तर एकटे मोठ्या आवाजात 'तुम्ही' म्हणायचे. 'तुझे'पेक्षा 'तुमचे' लांब, त्यामुळे आमचं आमेन होऊन जायचं आणि मास्तर एका ओळीने मागे असायचे. मग आम्ही डोळे मिटून ते पोचायची वाट बघत बसायचो.

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी परोपरीने समजावलं. "मास्तर, बायबलच्या मूळ भाषेत आदरार्थी बहुवचनच नाही."

"त्या लोकांनी बापाशी कसं बोलावं हा त्यांचा प्रश्न," मास्तर म्हणाले. "मराठी माणूस आईला तू म्हणतो, बापाला तुम्ही. देव बाप आहे ना? का नुसता नावाला?"

"देव एक आहे, मास्तर."

"पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. मोजा. तिघांना मिळून तू कसं म्हणता?"

पाळकसाहेबांनी कपाळाला हात लावला. पुढे सहा महिने त्यांनी त्रैक्यावर उपदेश केला नाही.

खरा ताप सुरू झाला तो अहिराणीमुळे. माझी आई सत्तरीची, नंदुरबारकडच्या खेड्यातली. पुस्तकी मराठी तिच्या जिभेवर बसत नाही. प्रार्थनेच्या वेळी ती नुसते ओठ हलवायची. एकदा मला म्हणाली, "मराना आधी एकदाव तरी मी देवशी मन्हा तोंडघाई बोलसू का नही?" मरायच्या आधी एकदा तरी तिला देवाशी स्वतःच्या बोलीत बोलायचं होतं. तिच्यासारख्या आणखी बायका होत्याच. म्हणून प्रार्थना अहिराणीत करून नाताळाला सगळ्यांनी म्हणायची असं ठरलं. समिती तिघांची: पाळकसाहेब, मी आणि साळवे मास्तर. मास्तरांची संमती घेतल्याशिवाय कागद छापायचा नाही, कारण ते भर सभेत उभे राहतील ही सगळ्यांनाच खात्री.

बैठक दर शनिवारी संध्याकाळी आमच्या घरी. आमच्या अहिराणीत बापालाही तू आणि देवालाही तू. आई पहिल्याच दिवशी दारात म्हणाली, "मास्तर, तू उना? बठ. जेवना का?"

मास्तर उंबऱ्यावरच थबकले. म्हणाले, "बाई, क्रियापद..."

"ते नंतर. आधी हात धोय."

मास्तर मुकाट्याने हात धुऊन पाटावर बसले. जेवल्यावर मात्र कागद हातात घेऊन दर शनिवारी तेच. "देवबापाला तू? छे." आई एकदा त्यांना म्हणाली, "देवले तुम्ही म्हनशी तं त्याले वाटी, मांगे आखो कोनी उभं शे." देव मागे वळून कोण आहे ते बघतोय असं डोळ्यापुढे येऊन मी हसलो. मास्तर हसले नाहीत. "विचार करायला हवा," म्हणाले आणि कागद पुढच्या शनिवारवर गेला. पाळकसाहेब कंटाळून यायचे बंद झाले. मास्तरांचा एक शनिवार चुकला नाही. आईने वाढलेलं चाटूनपुसून खायचे आणि कागदावर मात्र अडून बसायचे. माझं डोकं फिरायचं.

नाताळ तोंडावर आला तेव्हा माझा तोल सुटला. "मास्तर, माझी आई तुम्हाला इतके महिने तू म्हणतेय. तिला एकदाही अडवलं नाहीत. मग देवाच्याच वेळी तुमचं व्याकरण कुठून जागं होतं?"

मास्तर बराच वेळ कागदाची कड सरळ करत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझी आई गेली त्याला फार वर्षं झाली. बायकोने जन्मभर अहो म्हटलं, तीही गेली. मुलगा बडोद्याहून फोन करतो. 'पप्पा, तुम्ही बरे आहात ना' म्हणतो आणि ठेवतो. मीच सगळ्यांना ही सवय लावली. आता मला तू म्हणणारं कोणी उरलं नाही." कागदावर बोट ठेवून म्हणाले, "तुमच्या कागदात चूक नाही. मला पहिल्याच शनिवारी कळलं होतं. पण तो मंजूर केला की समिती संपली. मग शनिवारी मी कुठे जाऊ?"

सहा महिने ज्या माणसावर मी दातओठ खात होतो, तो एका हाकेसाठी येत होता.

आई चुलीपुढून सगळं ऐकत होती. तव्यावरची भाकर उलटत ती म्हणाली, "मन्हा घर येवाले तुले कागद कसाले लागस? ते काय शे ते लिही दे, आनि पाटवर बठ."

मास्तरांनी खिशातून पेन काढून 'तू' तसाच ठेवून खाली सही केली. मग पाटावर बसले, ताट पुढे ओढलं आणि कुत्र्यामांजरालाही अहो म्हणणारे आमचे मास्तर खालच्या मानेने म्हणाले, "माय, एक भाकर दे."