कुंकू लावलेला कीबोर्ड

सरस्वतीपूजेच्या सकाळी भवानी चुरमुरे आणि फुलं घेऊन बाजारातून परतली, तोवर तिच्या कॉम्प्युटरची पूजा आटोपली होती. मशीन उचलून देवघरात नेणं जमणार नव्हतं, म्हणून गंगाबाईंनी सरस्वतीची तसबीरच आणून मॉनिटरच्या डोक्यावर बसवली होती. पडद्यावर शेवंतीचा घसघशीत हार लोंबत होता. पेटीवर चंदनाची बोटं ओढलेली होती. आणि कीबोर्डच्या एकेका बटणावर चंदनाचा ठिपका आणि त्यावर कुंकू होतं.

"सगळ्यांना लावलंत, आत्या?" भवानीने विचारलं. सासूला आत्याच म्हणायची त्या घरात पद्धत होती.

"मग? एकाला लावून दुसऱ्याला सोडलं तर बरं दिसतं का?" गंगाबाई म्हणाल्या. "आतां उद्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही. शिवणयंत्र पूजेला बसलंय, अडकित्ता बसलाय, हरीची सायकल बसलीय. हेही बसू दे."

"आणि फ्लॉपी कुठंय?"

"देवीपुढें. रेशमी खणांत गुंडाळून ठेवलीय. तिला पहिलं कुंकू. सगळा जीव तिच्यांत अहे म्हणून तूच सांगितलींस न?"

भवानीने देवीपुढच्या खणाकडे पाहिलं. त्या काळच्या मोठ्या, लवचीक फ्लॉपीला एक उघडी फट असे, आणि तिच्यातून आतली तबकडी दिसे. तिथे बोट लागलं तरी आतलं सगळं जाण्याची भीती. इथे तर कुंकू. पण बांधलेला खण उद्याशिवाय सुटणार नव्हता, आणि तिने लिहिलेला प्रोग्रॅम मशीनमध्येही होताच. फ्लॉपी ही नुसती नक्कल, असं स्वतःला समजावत तिने चुरमुरे डब्यात ओतले.

हा प्रोग्रॅम म्हणजे तिचं तंजावरातलं भवितव्य होतं. बेंगळूरच्या एका कंपनीने तिला नोकरीला बोलावलं होतं. देशाची दारं उघडली होती, नव्या नव्या कंपन्या येत होत्या आणि प्रोग्रॅम लिहिणारी माणसं त्यांना हवी होती. तिच्या नवऱ्याची, हरिप्रसादची नोकरी मात्र जवळच्या ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीत, ती काही उठून बेंगळूरला जाणार नव्हती. गावातल्या वैद्यनाथमामांचं लग्नाची भांडी भाड्याने देण्याचं मोठं दुकान होतं. त्यांनी दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, प्रोग्रॅम पाहून पसंत केला, तर त्यांचं आणि त्यांच्या ओळखीच्या दुकानदारांचं काम घरबसल्या मिळणार होतं. नाहीतर दसऱ्यानंतर बेंगळूरला होकार कळवायचा असं ठरलं होतं. "जायचं असलं तर जा गे, माझं काय," असं गंगाबाई म्हणाल्या होत्या, आणि तेव्हापासून त्यांच्या रसममध्ये रोज मीठ घालायचं राहत होतं.

प्रोग्रॅम चांगला चालत होता. एकाच मुहूर्तावर चार लग्नं आली तर कुठल्या लग्नाला कुठले हंडे, किती समया, कुठली जाजमं, हे तो बिनचूक सांगे. पण तो घाईत लिहिलेला होता. बेसिक भाषेत गोटू नावाची एक आज्ञा असते: इथलं काम सोड आणि अमक्या ओळीवर उडी मार. भवानीला ती मुळीच आवडत नसे. सी भाषेला ती मान देई, पास्कलवर तिची माया होती, पण बेसिकमधल्या या उड्या म्हणजे जेवता जेवता पानावरून उठून अंगणात जाणारं माणूस, असं तिचं मत. आणि तिच्याच प्रोग्रॅममध्ये अशी माणसं ओळीओळीला उठत होती.

तेही तिने पोटात घातलं असतं. पण सकाळी बाजारात वैद्यनाथमामा भेटले होते. "उद्या माझा भाचा येतोय गे, कार्तिकेय. तिरुचीला इंजिनीरिंग शिकतोय. तूं आंत कसं लिहिलंयस तें बघून सांगेल."

आत कसं लिहिलंयस. ते शब्द तिच्या डोक्यातून जाईनात.

दुपारी गंगाबाई शेजारपाजारी नवरात्रात मांडलेले बाहुल्यांचे कोलू पाहायला गेल्या. भवानी कॉम्प्युटरसमोर उभी राहिली. पूर्वी संगणकवर्गात ती मुलांना बजावून सांगत असे: चालणाऱ्या प्रोग्रॅमला हात लावू नका, लावायचाच तर आधी त्याची नक्कल करा. आता तिने देवीला नमस्कार केला, "एवढ्या दोन उड्या काढते, लगेच उठते," असं मनात म्हटलं आणि पडद्यासारखा हार बाजूला सारून मशीन सुरू केलं.

दोन उड्या निघाल्या. मग लक्षात आलं, की तिसरी त्या दोघींच्या भरवशावर होती. तीही काढली. भवानीला विचार करताना चष्मा वर ढकलायची सवय होती. ती ढकले, टाइप करे, खोडे, पुन्हा ढकले. शेवटी सगळा प्रोग्रॅम कसा सोज्वळ दिसायला लागला. तिने समाधानाने तो जुन्याच नावावर साठवला आणि एक मुंज, तीन लग्नं देऊन चालवून पाहिला.

प्रोग्रॅमने दुकानातल्या सगळ्या समया एकाच मुंजीला पाठवल्या. उरलेल्या तीन लग्नांना त्याने फक्त झाकणं दिली.

भवानीने दुरुस्त केलं. मग मुंजीलाही झाकणंच मिळाली. आणखी दुरुस्त केलं, तेव्हा मशीन कुणालाच काही देईना आणि नुसतं थांबून राहिलं. जुना प्रोग्रॅम तिने आपल्याच हाताने पुसला होता. चांगला असा एकच उरला होता, तो खणात, देवीपुढे, कुंकू लावून.

दाराची कडी वाजली. तिने मशीन बंद केलं, हार जागेवर ओढला आणि दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभी राहिली.

"कोलूच्या प्रसादाचं हरभऱ्याचं सुंडल आणलंय. हात पुढें कर," गंगाबाई म्हणाल्या.

"वाटींत द्या न, आत्या."

गंगाबाईंनी सुनेकडे पाहिलं. मग कीबोर्डकडे पाहिलं. आणि त्या वाटी आणायला आत गेल्या.

तेवढ्यात हरिप्रसाद आला. चपला काढता काढता तो थबकला. "भवानी, नाकावर कुंकू कां?"

भवानीचा हात नाकाकडे गेला आणि तिथलं कुंकू आणखी पसरलं. आतून गंगाबाईंचा आवाज आला, "मींच लावलं. यंत्राला लावलं, तें चालवणारीला नको का? तूं हातपाय धू."

हरिप्रसाद हातपाय धुवायला गेला. भवानी स्वयंपाकघरात गेली आणि सासूपुढे मटकन बसली.

"आत्या, मीं मशीनला हात लावलों."

"कळलं मज."

"चांगलं चालत होतं, आणि मींच बिघडवलं. तो भाचा काय म्हणेल म्हणून." तिचा आवाज ओला झाला. "मज बेंगळूरला जायचं नाही, आत्या. मज इथंच राहायचंय."

हे वाक्य त्या घरात इतके दिवस कुणीच मोठ्याने म्हटलं नव्हतं. गंगाबाईंनी सुनेचे लाल हात आपल्या हातात घेतले आणि पदराने एकेक बोट पुसलं. त्यांचेही डोळे भरले होते.

"त्या फ्लॉपींत चांगलं अहे का?"

"होतं. तुम्ही कुंकू लावलंत न तिला."

"मग काय झालं?"

काय झालं हे सांगायचं भवानीच्या जिवावर आलं. एवढ्या मायेने लावलेलं कुंकू, त्याला वाईट कसं म्हणायचं. "काही नाही," ती म्हणाली.

"सरि, असूं दे. मग सकाळीं सोडूं खण. आज नको. एकदा नेम मोडलीस तेवढं पुरे."

सकाळी पुन्हा पूजा झाली. गंगाबाईंनी नैवेद्य दाखवला, खण सोडला आणि फ्लॉपी सुनेच्या हातात दिली. भवानीने आधी डोळे मिटले, मग एक उघडला. कुंकू होतं, चांगलं ठसठशीत होतं, पण वरच्या कोपऱ्यातल्या कागदी पट्टीवर. फट कोरडी आणि स्वच्छ होती. तिच्यावर रेशमाची एक छोटी घडीही ठेवलेली होती.

"इथं नाही लावलंत?"

"तो डोळा अहे न तिचा?" गंगाबाई म्हणाल्या. "डोळ्यांत कुंकू कोण घालतं?"

भवानीने तिथेच वाकून त्यांना नमस्कार केला. गंगाबाईंना वाटलं, विजयादशमीचा आहे.

वैद्यनाथमामा आले तेव्हा जुना प्रोग्रॅम आपल्या सगळ्या उड्यांसकट मशीनमध्ये परत बसला होता. मामांनी मुद्दाम एकाच मुहूर्ताची पाच लग्नं सांगितली. हंडे हंड्यांच्या जागी गेले, समया पाचही घरी पोचल्या, झाकणं आपापल्या भांड्यांबरोबर गेली. मामांनी मान डोलावली. "आतां तूं बघ रे आंतलं," ते भाच्याला म्हणाले.

कार्तिकेय खुर्चीत सरसावून बसला. भवानी भिंतीला टेकली. तो पडद्याकडे पाहत राहिला, मग मागे वळून त्याने हळूच विचारलं, "अक्का, यांत कारची शर्यत अहे का?"

शर्यत होती. तो खेळत बसला, आणि मामांनी कॉफी पिता पिता काम पक्कं केलं, वर आपल्या व्याह्यांच्या मंडपाच्या दुकानाचंही सांगून ठेवलं. त्या दिवशी गंगाबाईंच्या रसममध्ये मीठ होतं, थोडं जास्तच.

पाहुणे गेल्यावर गंगाबाई ओलं फडकं घेऊन कीबोर्डपाशी बसल्या आणि एकेक बटण पुसू लागल्या. कोपऱ्यातल्या एका बटणावर त्या थांबल्या. त्याच्यावर पुसण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"हें कुठलं गे? ह्याचं सगळं कुंकू तुझ्याच बोटाला गेलंय."

"बॅकस्पेस. चूक झाली की खोडायचं."

गंगाबाईंनी त्या बटणावरून मायेने फडकं फिरवलं.

"सगळं काम ह्यालाच पडतंय म्हण," त्या म्हणाल्या. "पुढल्या वर्षीं ह्याला दोनदां लावते."