राष्ट्राध्यक्षांना दहापैकी चार

"राष्ट्राध्यक्ष निर्णय कसे घेतात, हे मी मतदारांना साडेचारशे शब्दांत सांगतो. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही!"

सोमवारच्या बैठकीत फूटपट्टीने हे जाहीर केलं तेव्हा कोणी हसलं नाही. कारण तो ते करून दाखवायचा. सतरा वर्षं त्या दैनिकात होता आणि त्याची बातमी कधी एका ओळीने वाढली नव्हती. म्हणून तर ऑफिसने त्याचं नाव फूटपट्टी ठेवलं होतं, आणि ते त्याला मनापासून आवडायचं!

मतदान तीन आठवड्यांवर आलं होतं. राष्ट्राध्यक्ष दुसऱ्यांदा उभे होते. एक वर्तमानपत्र त्यांना पोलादी म्हणत होतं, दुसरं मेणाचे. फूटपट्टीला दोन्ही शब्दांचा सारखाच संताप यायचा. "पोलादी म्हणजे किती पोलादी? मोजलं का कोणी?"

"छान!" संपादक म्हणाले. "रविवारच्या पुरवणीचं पहिलं पान तुझं. लेख जमला तर निवडणूक डेस्क तुझ्याकडे. नाही जमला तर..." वाक्य त्यांनी अर्धंच सोडलं, पण त्यांची नजर कोपऱ्यातल्या शब्दकोड्याच्या टेबलाकडे गेली. ते टेबल तीन महिने रिकामं होतं. त्यावर बसलेला माणूस पुन्हा कधी राजकारणावर लिहिताना दिसला नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

घरी बायकोने आनंदाची बातमी शांतपणे ऐकून घेतली. ती शाळेत गणित शिकवायची. भावनेच्या भरात गुण द्यायची तिला सवय नव्हती.

"म्हणजे तुम्ही आता देशाचे निर्णय तपासणार?"

"निर्णय नाही, निर्णय घेण्याची पद्धत."

"मग जाता जाता बाथरूमच्या नळाचंही घ्या. दोन महिने गळतोय."

"तीन पर्यायांचा अभ्यास चालू आहे."

"बादली रोज भरतेय अहो, अभ्यास कधी भरणार?"

फूटपट्टीने तिकडे दुर्लक्ष केलं. त्याच्या डोक्यात मापं तयार झाली होती: सल्ला ऐकणं, वेळेवर ठरवणं, चुकीची जबाबदारी घेणं. प्रत्येकाला दहापैकी गुण. पण नवा तराजू आधी ओळखीच्या वजनावर तपासावा लागतो. ज्याचे निर्णय आपण रोज, अगदी जवळून पाहिलेत असा माणूस कोण? बायकोचं नाव मनात आलं आणि त्याने ते घाईघाईने बाहेर काढलं. राहिले संपादक.

मग काय, लेखणी अशी धावली की विचारू नका! संपादकांनी खांद्यावरून डोकावलं तर पंचाईत नको, म्हणून 'संपादक' या शब्दाच्या जागी त्याने सगळीकडे 'राष्ट्राध्यक्ष' लिहिलं. 'राष्ट्राध्यक्ष सगळ्यांना बोलावतात, प्रत्येकाचं शेवटपर्यंत ऐकतात, मान डोलावतात आणि आदल्या दिवशी ठरवलेलंच जाहीर करतात. दहापैकी चार. मोठा निर्णय ते उभ्या उभ्या घेतात, छोट्यावर अडतात. दालनाची खिडकी उघडी ठेवावी की बंद, यावर तीन बैठका झाल्या. अखेर एक तावदान उघडं आणि एक बंद असं ठरलं. दहापैकी पाच. यश आलं तर "मी तेव्हाच म्हणालो होतो" आणि चूक झाली तर "आपण सगळेच चुकलो". दहापैकी दोन.' तराजू झकास चालत होता!

आता त्या ऑफिसातली एक पद्धत सांगायला हवी. खरा लेख यायच्या आधी पान लावून ठेवायचं, तर त्या जागेत तेवढ्याच लांबीचा डमी मजकूर भरायचा आणि त्याच्या डोक्यावर तीन ठळक फुल्या मारायच्या. फुल्या आहेत तोवर पान छापायला सोडायचं नाही. फुल्या नाहीत, म्हणजे मजकूर खरा. इतका साधा नियम, आणि वीस वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता.

बुधवारी फूटपट्टीने संपादकांवरचा लेखच डमी म्हणून दिला. पानं लावणाऱ्या ताईंना नवल वाटलं.

"डमी कोण एवढं मन लावून लिहितं? मी 'मजकूर मजकूर मजकूर' भरते."

"त्याने लांबीचा खरा अंदाज येत नाही, ताई."

ताईंनी लेख चौकटीत सोडला, वर फुल्या मारल्या आणि जेवायला गेल्या. फूटपट्टी पाहायला आला तर फुल्यांनी एक ओळ खाल्लेली, आणि शेवटची ओळ चौकटीबाहेर लोंबतेय, पँटीतून बाहेर आलेल्या शर्टासारखी! हे त्याला कसं सहन व्हावं? त्याने फुल्या काढल्या. लेख चौकटीत असा बसला जशी म्यानात तलवार.

"बघा! केसाचाही फरक नाही," तो रिकाम्या खुर्चीला म्हणाला आणि समाधानाने निघून गेला.

शुक्रवारी पान सोडायची वेळ दुपारी साडेतीनची. फूटपट्टीने राष्ट्राध्यक्षांवरचा खरा लेख तीन वीसला पाठवला. सत्तावीस जणांच्या मुलाखती, सहा आठवड्यांची कागदपत्रं, साडेचारशे शब्द. पण ताईंनी तीनलाच पान उघडून पाहिलं होतं. फुल्या नाहीत, मजकूर चपखल. आला वाटतं लेख! ताई मजकूर वाचत नसत, मापत असत. त्यांनी पान सोडलं, पर्स उचलली आणि त्या घरी गेल्या.

रविवारी सकाळी बायको मोठ्याने वाचू लागली. "'...प्रत्येकाचं शेवटपर्यंत ऐकतात, मान डोलावतात...' अहो, छान लिहिलंय की! पण हे तर तुमचे साहेब वाटतात."

फूटपट्टीने चहाचा कप बशीच्या बाहेर ठेवला. त्याने पेपर ओढून घेतला, लेख दोनदा वाचला आणि पहिल्यांदा काय पाहिलं असेल? ओळी! त्या बरोबर होत्या. मग मात्र त्याला काढलेल्या फुल्या आठवल्या.

सोमवारी तो शब्दकोड्याच्या टेबलाकडे न पाहता थेट संपादकांच्या केबिनमध्ये गेला. संपादक खुर्चीतून उठून पुढे आले आणि त्याला मिठी मारली!

"काय माणूस पकडलास रे! वाचताना अंगावर काटा आला. असल्या माणसाच्या हाताखाली लोक काम कसं करतात?"

"करतात, साहेब. सवय होते."

"पाच वर्षं! विचार कर!"

"सतरा," असं फूटपट्टीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण डेस्क हाताशी दिसत होतं. झाकली मूठ तशीच ठेवायची, एवढंच तर करायचं होतं!

मंगळवारी ती मूठ उघडायला राष्ट्राध्यक्षांचा प्रसिद्धी अधिकारी स्वतः संपादकांच्या केबिनमध्ये येऊन बसला. चेहरा इस्त्री केलेला.

"खिडकीची गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली?"

"म्हणजे?" फूटपट्टी चपापला.

"तीन बैठका, दोन तावदानं. ही गोष्ट दालनाबाहेर गेलेली नाही. चारच लोकांना माहीत होती. त्यातल्या खासगी सचिवांना आम्ही काल घरी बसवलंय. बारा वर्षांची नोकरी. ऐन प्रचारात घरभेदी परवडत नाही."

"आम्ही सूत्रांची नावं सांगत नसतो!" संपादक गरजले.

फूटपट्टीच्या डोळ्यांसमोर एक अनोळखी माणूस आला. भर मंगळवारी घरात बसलेला, काय चुकलं ते न कळलेला. इकडे डेस्क, तिकडे शब्दकोडं, मध्ये हा माणूस. नळाचे पर्याय दोन महिने तपासणाऱ्या फूटपट्टीने हा निर्णय कितीशा वेळात घेतला? चार सेकंद!

"सूत्र नाहीच. सचिवांचा काही संबंध नाही. तो डमी मजकूर होता, फुल्या मी काढल्या. लेख राष्ट्राध्यक्षांविषयी नाहीच आहे."

"मग कोणाविषयी?"

फूटपट्टी फरशीकडे बघत म्हणाला, "साहेबांविषयी."

मग संपादक पोट धरधरून हसले.

"पाहिलंत? सूत्र वाचवायला माझा बळी! याला म्हणतात पत्रकार!"

"साहेब, खरं सांगतोय."

"पुरे रे, डोळ्यांत पाणी आलं माझ्या!"

अधिकारी हसला नाही. त्याने संपादकांच्या मागच्या खिडकीकडे पाहिलं. एक तावदान उघडं होतं, एक बंद. मग त्याने थंडपणे विचारलं, "तसं असेल तर खुलासा छापाल?"

"मला नाही वाटत गरज आहे. पण मी एकट्याने ठरवणारा माणूस नव्हे!" संपादक म्हणाले आणि पाच जणांना आत बोलावलं. चाळीस मिनिटं प्रत्येकाने मत मांडलं. पाचही जण म्हणाले, छापावा. संपादकांनी पाचही वेळा मान डोलावली आणि म्हणाले, "ठरलं तर. खुलासा नको."

अधिकारी उठला. दारापाशी त्याने फूटपट्टीचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही, घरात काही वाईट घडलेल्या माणसाचा धरावा तसा.

"सचिव उद्यापासून कामावर येतील," तो हळूच म्हणाला. "तुम्ही काळजी घ्या."

त्या आठवड्यात वाचकांची दोनशे पत्रं आली. बाटल्यांच्या कारखान्यातून, पोहण्याच्या तलावावरून, बायकोच्या शाळेतूनसुद्धा. सगळ्यांचं म्हणणं एकच: हे आमच्या साहेबांसारखं आहे, तुम्हाला कसं कळलं? संपादकांनी ती एकूण एक वाचली आणि शुक्रवारी फूटपट्टीला बोलावलं.

"निवडणूक डेस्क आजपासून तुझं."

"साहेब, खरंच?"

"खरंच. आणि एक सांगू? परवा तू माझं नाव घेतलंस ते माझ्या डोक्यातून जाईना. आपण देशाच्या प्रमुखाला मोजतो, मग मी का सुटावं? पुढच्या रविवारी माझ्यावर लिही. अगदी तोच तराजू. घाबरायचं नाही, काही लपवायचं नाही. साडेचारशे शब्द. जमेल?"

फूटपट्टीने मान हलवली. न जमायला काय झालं! लेख तर केव्हाच तयार होता. अडचण एवढीच, की तो छापूनही झाला होता.