सोळा टेराबाइटचा गॉर्डी

खरेदीच्या बाबतीत माझा हात धरणारं विलो बेंडमध्ये कुणी नाही, हे मी अगदी छातीठोकपणे सांगते! टर्की असो, ट्रकचे टायर असोत की छपराचे पत्रे, लॉरेनला विचारल्याशिवाय आमच्या गावात कुणी पाकीट उघडत नाही. माझा नवरा गॉर्डी गेला, तेव्हा त्याच्या अस्थींचा कलशसुद्धा मी घासाघीस करून आणला. दुकानदार अवघडला होता. गॉर्डी असता तर कौतुकाने हसला असता.

तर अशी मी, इंटरनेटवर हार्ड डिस्क घ्यायला बसले. आणि काय सापडावं? सोळा टेराबाइट, तीही एकावर एक फुकट! टेराबाइट म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. पण सोळा म्हणजे किती आणि फुकट म्हणजे काय, हे चांगलं माहीत होतं.

मी कॅल्गरी शहरात राहणाऱ्या माझ्या मुलाला, क्रेगला, फोन लावला.

"आई, एवढ्या पैशात धड बर्गर येत नाही," क्रेग म्हणाला. "ती डिस्क भरवशाची नसणार."

"पाच तारे आहेत रे! एकाने तर लिहिलंय, माझं आयुष्य बदललं."

"कोणी लिहिलंय?"

"नाव नव्हतं दिलं बिचाऱ्याने."

"आई! घेच तू, ऐकणार थोडीच आहेस! पण जुना कॉम्प्युटर टाकू नकोस. बॅकअप म्हणजे दोन ठिकाणी ठेवायचं असतं."

"दोन ठिकाणी ठेवायला मी काय गोदाम उघडलंय?" म्हणून मी फोन ठेवला.

आता त्या डिस्कवर काय ठेवायचं होतं, तेही सांगते. गॉर्डीला जाऊन दोन वर्षं झाली. त्याला व्हिडिओ काढायचं भयंकर वेड. छपरावरचा बर्फ, बर्फाखालचे मासे, शेजाऱ्याचा अडकलेला ट्रक आणि मी. मी भांडी घासताना, मी स्वेटर घालताना, मी 'बंद कर ते!' म्हणून ओरडताना. वीस वर्षांचे व्हिडिओ, आणि एकाही व्हिडिओत स्वतः गॉर्डी नाही! कसा असेल? तो कायम कॅमेऱ्याच्या मागे. कधीमधी कोपऱ्यात त्याचा जाडा अंगठा यायचा तेवढाच. आणि आवाज. "लॉरेन, जरा हस की!"

त्या आवाजासाठी माझा जीव तुटायचा, खोटं कशाला सांगू? पण एकटीने व्हिडिओ लावायचा धीर व्हायचा नाही. घर आधीच इतकं शांत. आवाज थांबल्यावर ते आणखी किती शांत होईल, याचीच भीती वाटायची. लावू निवांतपणे कधीतरी, असं म्हणत राहिले.

तेवढ्यात जुना कॉम्प्युटर थंडीत न सुरू होणाऱ्या ट्रॅक्टरसारखा घरघरायला लागला. मग मी कंबर कसली. डिस्क जोडली आणि सगळं तिच्यावर चढवलं. 'ख्रिसमस', 'मासेमारी', 'लॉरेन चिडली', 'लॉरेन पुन्हा चिडली', सगळी नावं ओळीने दिसली. काम फत्ते! एकही उघडून न बघता मी डिस्क खोक्यात घातली आणि कॉम्प्युटर भंगारवाल्याला देऊन टाकला. त्याने न्यायचे पैसेही घेतले नाहीत. मी आठवडाभर त्याच आनंदात होते.

राहिली दुसरी, फुकटातली डिस्क. ती मी कर्लिंग क्लबच्या, म्हणजे बर्फावरून जड दगड सरकवायच्या आमच्या खेळाच्या क्लबच्या, ख्रिसमसच्या जेवणासाठी ठेवली होती. तिथे दरवर्षी भेटींचा खेळ असतो. प्रत्येकाने गुंडाळलेली एक वस्तू टेबलावर ठेवायची, कुणाची कुठली ते सांगायचं नाही. आपला नंबर आला की एकतर नवी वस्तू उघडायची, नाहीतर दुसऱ्याच्या मांडीवरची सरळ चोरायची! दोनदा चोरली गेली की वस्तू त्या दुसऱ्या चोराची, कायमची. यावरून आमच्याकडे सख्ख्या बहिणींनी वर्षभर अबोला धरलाय.

पहिला नंबर वेंडेलचा. वेंडेल म्हणजे गॉर्डीच्या संघातला त्याचा जोडीदार. बर्फावर दगड सोडताना तेवढा ओरडतो, बाकी हिवाळाभर चार शब्द. त्याने नेमकं माझंच पुडकं उचललं. कागद फाडला, खोकं उघडलं, आणि मी खुर्चीतून अर्धी उठलेच.

खोक्याचं सील आधीच फोडलेलं होतं!

म्हणजे कोरी डिस्क घरी कपाटात, आणि गॉर्डी वेंडेलच्या मांडीवर!

तुम्ही म्हणाल, मग सांगायचं होतं ना तिथल्या तिथे. कसं सांगणार? भेट फुकटातली हे कळलं असतं, ते एक. पण खरं म्हणजे, 'त्यात माझ्या नवऱ्याचा आवाज आहे' हे वाक्य तोंडातून निघतानाच मी रडले असते. या लोकांपुढे मी अंत्यविधीलाही रडले नव्हते. त्या दिवशी शंभर माणसांची सँडविचं मीच कापली होती.

माझा नंबर आला. मी तरातरा गेले आणि वेंडेलच्या मांडीवरून डिस्क चोरली.

झालं! सगळ्या हॉलमध्ये कुजबुज. समोर उंची व्हिस्की होती, विजेवर गरम होणारे मोजे होते, आणि लॉरेनने उचललं काय, तर काळं खोकं! आमची अध्यक्षीण म्युरिएल डोळे बारीक करून बघत होती. खरेदीत ती माझी जन्माची स्पर्धक, आणि पुढचा नंबर नेमका तिचाच.

"लॉरेनला हवंय म्हणजे नक्कीच भारी असणार!" म्हणत ती उठली आणि माझ्या हातातून डिस्क ओढून घेतली. "दुसरी चोरी! माझी झाली, कायमची!"

"म्युरिएल, तुला काय करायचीय गं ती?"

"तुला काय करायचीय?"

"मला... रंग आवडला."

"काळा?"

"बरं, मी ते गरम मोजे उचलते, ते घे बदल्यात. वर माझ्या हातचे दोन डझन बटर टार्ट."

"दोन डझन?" तिने डिस्क आणखी घट्ट धरली.

"चार! आणि लोणच्याची बरणी!"

लोणचं म्हटल्यावर सगळ्या हॉलच्या माना माझ्याकडे वळल्या. मी ते सख्ख्या मुलालाही मोजून देते. म्युरिएलचा आवाज खाली आला. "लॉरेन, खरं सांग. काय आहे यात?"

"गॉर्डी आहे!" मी ओरडले. "त्यात गॉर्डी आहे, दे मला!"

"अगं बाई! अस्थी?" म्युरिएलने किंचाळून डिस्क टेबलावर ठेवली आणि हात पुसले. दोन-तीन पुरुषांनी आदराने टोप्या काढल्या.

"अस्थी नाहीत गं! व्हिडिओ आहेत! त्याचा आवाज आहे!" आणि व्हायचं तेच झालं. दोन वर्षांचं रडू ग्रेव्हीच्या पातेल्यासमोर बाहेर आलं. म्युरिएलने नियमांचा कागद चुरगाळला, मला जवळ घेतलं आणि म्हणाली, "आधी का नाही बोललीस, वेडे? चल, लावूया. आत्ताच लावूया."

क्लबचा लॅपटॉप आला. सगळे खुर्च्या ओढून भोवती बसले. मला वाटलं, बरंच झालं, एकटीने ऐकायला नको. मी 'लॉरेन चिडली' उघडला.

उघडला नाही. 'लॉरेन पुन्हा चिडली'? नाही. 'मासेमारी'? फाइल खराब आहे. 'ख्रिसमस'? फाइल खराब आहे. एकच गोष्ट उघडली, सगळ्यात शेवटी चढवलेली. बर्फ उडवायच्या यंत्राचं माहितीपत्रक! अगदी स्वच्छ, इंग्रजी आणि फ्रेंच, दोन्ही भाषांत!

क्रेगला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाला, "आई, ती नकली असते. आत छोटंसं कार्ड असतं. ते भरलं की जुन्यावरच नवीन लिहीत जातं. नावं तेवढी दाखवत राहतं."

वेंडेलने खिशातला चाकू काढून डिस्कचं झाकण उघडलं. आत नखाएवढं कार्ड चिकटवलेलं. आणि वजन भरावं म्हणून दोन नटबोल्ट.

"माझ्या नांगराला बसतील," वेंडेल म्हणाला. कुणीच हसलं नाही.

मी नुसती बसून राहिले. वीस वर्षांचं 'जरा हस की' गेलं. जपून ठेवायच्या नादात मीच घालवलं. त्या क्षणी कुणी तो आवाज एकदा ऐकवला असता, तर मी सगळ्या गावासमोर जन्मभर हसत बसले असते.

वेंडेल घसा खाकरत जवळ आला. "माझ्याकडे एक आहे," त्याने फोन काढला. "त्याने शपथ घातली होती, तुला दाखवायचं नाही म्हणून. पण आता..." तीन वाक्यं! त्याचा हिवाळ्याचा कोटा संपला.

आणि फोनवर गॉर्डी आला. अंगठा नाही, अख्खा गॉर्डी! क्लबच्या मागे ट्रकमध्ये बसलेला, नाक थंडीने लाल, डोळे मिचकावत हसणारा. त्याचं ते तोंड मी किती दिवस आठवून आठवून जुळवत होते, भुवया आठवल्या की हनुवटी विसरायची. ते सगळं एकदम समोर होतं. मिशीला पिठीसाखर लागलेली. मांडीवर डोनटचं उघडं खोकं.

"बंद कर ना रे!" गॉर्डी तोंडात घास घेऊन म्हणत होता. "लॉरेनला कळलं तर घरात घेणार नाही मला!" आणि खदखदून हसला.

म्युरिएल रुमालात नाक शिंकरत होती. सगळे माझ्याकडे बघत होते, आता ही बाई कोसळणार म्हणून.

"वेंडेल," मी विचारलं, "हे कधीचं?"

"त्याच्या शेवटच्या हिवाळ्यातलं."

"डॉक्टरांनी साखर बंद केल्यानंतरचं?"

वेंडेल बुटांकडे बघायला लागला.

"किती खाल्ले त्याने?"

"...एक मी खाल्ला."

"आणि खोकं केवढं होतं?"

"डझनाचं."

ज्या तोंडासाठी दोन वर्षं झुरले, ते समोर आल्यावर बायकोने काय बोलावं? काहीतरी गोड, काहीतरी हळवं. मलाही वाटलं होतं तसंच काहीतरी निघेल. पण मी फोन हिसकावला आणि सगळ्या गावादेखत त्यावर ओरडले, "गॉर्डी! ठेव! ठेव म्हणते ना तो डोनट खाली!"

त्याने ठेवला नाही.

मी डोळे पुसले आणि वेंडेलला म्हटलं, "परत लाव. बघू आता तरी ऐकतो का."